जुनं ते ‘गोल्ड’



आपल्या जिल्ह्यातली उस्मानाबादी शेळी देशभर ओळखली जाते. आठवडी बाजारात ती घेणारा माणूस आधी दात बघतो, पाठीवरून हात फिरवतो, चार पावलं चालवून बघतो आणि मगच भावाचं बोलतो. बैलांच्या सौद्यात तर भाव रुमालाखाली, बोटांच्या खुणांनी ठरायचा. म्हणजे माल सगळ्यांसमोर उघडा आणि किंमत झाकलेली. आज मी ज्या बाजाराबद्दल बोलणार आहे तिथला रिवाज उलटा आहे. तिथं किंमत मोबाईलच्या पडद्यावर ठळक लिहिलेली असते आणि माल झाकलेला असतो. दात बघता येत नाहीत, हात फिरवता येत नाही. एक अंधूक फोटो आणि दोन ओळी मजकूर, एवढ्यावर अंदाज बांधायचा.

हा बाजार म्हणजे इंटरनेटवरच्या जुन्या वस्तूंच्या छोट्या जाहिराती. पूर्वी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर ‘विकणे आहे’ या मथळ्याखाली त्या यायच्या. २००६ नंतर ओएलएक्स, पाठोपाठ क्विकर अशी संकेतस्थळं आली आणि खाटेपासून ट्रॅक्टरपर्यंत सगळं तिथं दिसू लागलं. त्या गर्दीतून मी गेली काही वर्षं एकच वस्तू शोधतो आहे, ती म्हणजे संगणकाचा जुना मेकॅनिकल कीबोर्ड. आपल्या मराठीत कळफलक. कुणी म्हणेल, चार-पाचशे रुपयांत कोरा कीबोर्ड मिळत असताना जुना कशाला धुंडाळायचा? या प्रश्नाचं उत्तर द्यायचं तर थोडं मागे जावं लागेल.

१७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपला जिल्हा हैदराबाद संस्थानात होता. दफ्तराची भाषा उर्दू. कचेरीत काम असलं की माणूस अर्जनवीसाकडे जाई. १९५६ मध्ये आपण मुंबई राज्यात आलो, १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला आणि १९६४ साली राजभाषा अधिनियम झाला. सरकारी कागद मराठीत होऊ लागला तशी मराठी टंकलेखकाला किंमत आली. त्याआधी, १९५५ साली, गोदरेजनं भारतीय बनावटीचा टाइपरायटर बाजारात आणलेला होता. पुढं तालुक्यातालुक्याला टायपिंग इन्स्टिट्यूट निघाल्या. दहावी-बारावी झालेली मुलं-मुली भल्या सकाळच्या बॅचला जात. राज्य परीक्षा परिषदेचं प्रमाणपत्र हातात पडलं की लिपिकाच्या नोकरीचं एक दार उघडायचं. मिनिटाला मराठीचे तीस शब्द किंवा इंग्रजीचे चाळीस. या आकड्यांवर आपल्याकडची कित्येक घरं उभी राहिली आहेत. घरी कोरडवाहू जमीन, विहिरीला पाणी नाही, अशा घरातल्या मुलीनं दहा बोटांच्या बळावर पगार आणला, हे आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. १९९८ साली जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा म्हणून मराठी अधिसूचित झाली, तेव्हा या बोटांचं काम आणखी वाढलं.

टाइपरायटर आपल्याकडे उशिरापर्यंत टिकला, याचं एक साधं कारण म्हणजे त्याला वीज लागत नाही. भारनियमनाच्या काळात संगणक झाकून ठेवलेले असायचे आणि कोर्टाच्या आवारातली मशीन चालू असायची. पण काळ थांबत नाही. गोदरेजनं २००९ साली टाइपरायटरचं उत्पादन बंद केलं. २०१७ साली राज्यात मशीनवरची शेवटची टंकलेखन परीक्षा झाली आणि इन्स्टिट्यूटमध्ये टेबलाटेबलावर संगणक बसले. मशीन भंगारात गेली, बोटं मात्र तीच राहिली.

त्या बोटांची सोय लिपीच्या बाबतीत झाली. श्रीलिपी, आयएसएम अशा आज्ञावलींनी टाइपरायटरचीच अक्षररचना संगणकावर ठेवली, त्यामुळे जुन्या टंकलेखकाला नव्यानं बाराखडी गिरवावी लागली नाही. अडचण आली ती दाबण्याची. साध्या कीबोर्डमध्ये कळांखाली रबराच्या छोट्या वाट्या असतात आणि त्यांच्याखाली प्लास्टिकचे पातळ पडदे. कळ दाबली की वाटी चेपते, पडदे एकमेकांना टेकतात आणि अक्षर उमटतं. अक्षर उमटायला कळ जवळजवळ तळापर्यंत न्यावी लागते. वर्षा-दोन वर्षांत रबर मऊ पडतं. मग एक कळ जोरात दाबावी लागते, दुसरी नुसत्या स्पर्शानं दोनदा उठते.

मेकॅनिकल कीबोर्डची गोष्ट वेगळी. तिथं प्रत्येक कळीखाली स्वतंत्र स्विच असतो, त्यात धातूची स्प्रिंग आणि धातूचीच संपर्कपट्टी. कळ साधारण चार मिलिमीटर खाली जाते, पण अक्षर निम्म्या वाटेतच उमटतं. खटखट आवाज करणाऱ्या जातीत त्याच सुमारास बोटाला बारीकसा झटका कळतो आणि कानाला ‘खट्’ ऐकू येतं. ज्याची नजर पडद्यावर नसून डाव्या हाताला ठेवलेल्या कच्च्या कागदावर आहे, त्याच्यासाठी हा झटका म्हणजे पोच आहे. अक्षर पडलं, पुढं चला. टाइपरायटरवर घडलेल्या बोटाला ही पोच लागते. ती मिळाली नाही की बोट कळ तळापर्यंत आपटतं आणि दिवसाला वीस-पंचवीस पानं टाइप करणाऱ्याचं मनगट संध्याकाळी ठणकायला लागतं.

या कीबोर्डांचे जगात मानकरी दोन. पहिला १९८५ चा आयबीएमचा ‘मॉडेल एम’. वजनाला दोन किलोच्या वर. त्याच्या प्रत्येक कळीखालची स्प्रिंग दाबताना मध्येच वाकते आणि तोच त्याचा आवाज. पाठीवरच्या चिठ्ठीवर तो कधी तयार झाला ती तारीख असते, त्यामुळे शौकीन मंडळी त्याची जन्मपत्रिका काढतात. आपल्याकडे तो क्वचितच सापडतो, कारण आयबीएम १९७८ साली भारत सोडून गेली होती आणि परत आली १९९२ मध्ये. दुसरा मानकरी म्हणजे जर्मनीतल्या चेरी कंपनीचा एमएक्स स्विच. तो १९८० च्या दशकात आला. आतल्या दांड्याच्या रंगावरून त्याची जात ओळखतात. निळा आवाज करतो, तपकिरी नुसता झटका देतो, लाल सरळ खाली जातो. पाच कोटी वेळा दाबला तरी चालेल, असा कंपनीचा दावा असे.

आता आपल्या गावची गोष्ट. भारतात या निळ्या स्विचचा कीबोर्ड सर्वसामान्यांपर्यंत नेला तो टीव्हीएस इलेक्ट्रॉनिक्सच्या ‘गोल्ड’नं. आडत दुकानात, पतसंस्थेत, डीटीपीच्या खोलीत, रेल्वे आरक्षणाच्या खिडकीमागे आपण तो ऐकलेला आहे. शेजारी करकर करणारा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आणि समोर खटखट करणारा गोल्ड, ही जोडी ठरलेली. कुणी त्याला ‘व्हिंटेज’ म्हणत नव्हतं. ते एक अवजार होतं, पाटा-वरवंट्यासारखं. दुकानं बंद झाली, लॅपटॉप आले, मुलं पुण्याला गेली आणि ही अवजारं माळ्यावर चढली. तिथून ती कधीतरी जाहिरातीत उतरतात.

ती शोधण्याची काही रीत आहे. पहिली गोष्ट, ‘मेकॅनिकल कीबोर्ड’ असं लिहून शोधू नये. ज्याला ते नाव ठाऊक आहे त्याला भावही ठाऊक असतो, आणि त्याची जाहिरात बहुधा पुण्या-मुंबईची असते. आपल्या भागातला विकणारा लिहितो ‘जुना कॉम्प्युटर’, ‘प्रिंटरसह सर्व सामान’, ‘सायबर कॅफे बंद करणे आहे’. तेव्हा शोध त्याच शब्दांनी घ्यायचा. इंग्रजी अक्षरांत ‘कॉम्प्युटर’चं स्पेलिंग चार तऱ्हांनी चुकवून बघायचं. गावाचं नावही दोन्ही तऱ्हांनी टाकायचं, कारण २०२३ मध्ये जिल्ह्याचं नाव धाराशिव झालं तरी जुन्या नावानं टाकलेल्या जाहिराती असतातच. आणि शोधाचा परीघ लातूर, बार्शी, सोलापूरपर्यंत वाढवायचा. आपल्या जिल्ह्याचा बाजारहाट पूर्वीपासून तिकडचाही आहे.

मग फोटो बघायचा, तोही मॉनिटरचा नव्हे, त्याच्या कडेचा. प्रिंटरखाली दबलेला जाडजूड काळा किंवा पिवळट पांढरा कोपरा दिसतो का? कळा उंच आणि पायऱ्यांसारख्या चढत गेलेल्या आहेत का? रुपयाचं चिन्ह छापलेलं दिसलं तर तो जुलै २०१० नंतरचा, कारण ते चिन्हच तेव्हा स्वीकारलं गेलं. वायरचं टोक दिसलं तर आणखी माहिती मिळते. गोल, जाड, पाच पिनांचं टोक असेल तर फार जुना. बारीक गोल टोक म्हणजे पीएस-टू, ही पद्धत १९८७ मध्ये सुरू झाली. आजच्या बऱ्याच संगणकांना ते थेट जोडता येत नाही, मध्ये छोटं रूपांतर यंत्र लागतं. नुसत्या वीस रुपयांच्या जोडटोकानं भागेलच असं नाही, आत चिप असलेलं घ्यावं लागतं.

प्रत्यक्ष समोर आल्यावर मात्र शेळीवाल्याचीच रीत. उचलून बघायचा, वजन हाताला कळतं. एक टोपी हलकेच वर ओढून काढायची. आत अधिक चिन्हासारखा दांडा दिसतो. तो निळा असणं पुरेसं नाही, कारण चेरीच्या पेटंटची मुदत संपल्यावर इतर अनेक कारखाने तसेच रंगीत स्विच बनवू लागले. गोल्डच्या नंतरच्या मालात तसे स्विचही आले. स्विचच्या अंगावर बारीक अक्षरात चेरीचं नाव आहे का, ते टॉर्च लावून बघायचं. मग लॅपटॉप जोडून एकेक कळ दाबून घ्यायची. घासून चकचकीत झालेल्या कळा बघून घाबरू नये. त्या तर मालकाच्या कामाची हजेरी आहे. इंग्रजीवाल्याची ‘ई’ची कळ झिजलेली असते, मराठीवाल्याची कान्याची. हिशेबनिसाच्या कीबोर्डवर डावी बाजू कोरी असते आणि उजवीकडच्या आकड्यांवर एक अक्षर शिल्लक नसतं.

आता सौद्याविषयी. मला वाटतं, या सगळ्या शोधातला खरा अवघड भाग तोच आहे.

कळंबला एक बाई डीटीपीचं काम करतात. लग्नपत्रिका, ग्रामपंचायतीचे ठराव, वकिलांचे मसुदे. पंधरा वर्षं एका गोल्डवर काढली. एका पावसाळ्यात छत गळलं आणि तो गेला. साध्या कीबोर्डवर त्यांचा वेग निम्म्यावर आला, आणि पानाच्या हिशेबानं पैसे मिळत असतील तर वेग निम्मा म्हणजे मिळकत निम्मी. नवा मेकॅनिकल काही हजारांचा. त्यांनी मला सांगितलं, “सर, जुना बघा एखादा. आवाज करणारा पाहिजे बरं का.”

त्यांच्यासाठी शोधताना बार्शीची एक जाहिरात दिसली. जुना संगणक, प्रिंटर, सगळं मिळून पंधराशे. फोटोत प्रिंटरखाली तो ओळखीचा कोपरा. मी गेलो. आडतीचं दुकान होतं, वडील वारलेले, मुलगा सामान काढत होता. आई आतल्या उंबऱ्याशी बसलेल्या. मी म्हटलं, “मला एवढा कीबोर्डच पाहिजे. काय घ्याल?”

मुलगा म्हणाला, “तुम्हीच सांगा की काका. आम्हाला काय कळायलंय त्यातलं.”

श्रोते हो, या एका वाक्यानं सौद्याचा सगळा तोल समोरच्याच्या हातात येतो. शंभर रुपये म्हटलं असतं तरी तो राजी झाला असता. या छंदाच्या दुनियेत अशी खरेदी मोठ्या अभिमानानं सांगतात. अमुक शहराच्या भंगारातून दोनशेला उचलला आणि पाच हजारांना दिला. कायद्यानं त्यात काही गैर नाही. विकणाऱ्यानं किंमत विचारून घ्यावी, असंही म्हणता येईल. पण ज्या वस्तूवर समोरच्या घरानं वीस वर्षं हिशेब लिहिले, तिची किंमत त्यांना न सांगता ती उचलून आणणं मला रुचत नाही. बैलाच्या बाजारात भाव रुमालाखाली असतो हे खरं, पण रुमालाखाली दोघांचेही हात असतात.

मी टोपी काढून निळा दांडा दाखवला. चेरीचं नाव दाखवलं. म्हटलं, “हा चालू असेल तर माहीतगार माणूस याचे हजार-दीड हजार देईल. पूर्ण सेटला तुम्ही जेवढे मागताय तेवढे.” मुलगा हसायला लागला. त्याला वाटलं, मी चेष्टा करतोय. तेवढ्यात आतून आई म्हणाल्या, “मग हेच ठेव की रं. तुझ्या सेंटरला कामाला येईल. बाकीचं देऊन टाक.” मुलगा ई-सेवा केंद्र चालवत होता. पीकविम्याच्या मुदतीच्या शेवटच्या दिवसांत तिथं रात्री बारापर्यंत अर्ज भरले जातात. त्यानं कीबोर्ड जोडला, दोन ओळी बडवल्या, आणि विकायचं नाही म्हणाला.

मी चहा पिऊन रिकाम्या हातानं परतलो. कळंबच्या बाईंना आणखी दोन महिने थांबावं लागलं आणि त्या दोन महिन्यांची तूट माझ्या खऱ्या बोलण्यापोटी त्यांनी सोसली, हेही खरं. त्यांना मी ते सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या, “कामालाच लागला ना, मग बरंय.” पुढं लातूरला बंद पडलेल्या एका सायबर कॅफेचे तीन गोल्ड एकत्र मिळाले. दोन पार मेलेले, एकाच्या चार कळा बंद. मेलेल्याचे स्विच डाग काढून जिवंतावर बसवले. मेकॅनिकल कीबोर्डचा हा मोठा गुण. त्याचा एक अवयव दुसऱ्याला लावता येतो. रबरवाला बिघडला की सहसा कुणी दुरुस्त करत बसत नाही, तो टाकूनच दिला जातो.

दुरुस्तीचंही थोडक्यात सांगतो. वायर काढून टोप्या आधी काढाव्यात, काढण्यापूर्वी मोबाईलवर फोटो घ्यावा, नाहीतर शंभरावर कळांचं कोडं सोडवत बसावं लागतं. टोप्या कोमट साबणपाण्यात भिजवाव्यात, उकळत्या पाण्यात नको, प्लास्टिक वाकतं. आपल्याकडची धूळ मऊ ब्रशनं आणि हवेच्या पंपानं निघते. अडकणाऱ्या स्विचला औषध दुकानात किंवा मोबाईल दुरुस्तीवाल्याकडे मिळणारं आयसोप्रोपिल अल्कोहोल थेंबभर द्यावं आणि पूर्ण वाळू द्यावं. तेल मात्र घालू नये. धूळ त्याला चिकटते आणि चार महिन्यांत स्विच बसतो.

या बाजारात फसवणूकही आहे, तिचा इशारा दिल्याशिवाय बोलणं संपवता येणार नाही. विकणाऱ्याला फोन येतो. समोरचा म्हणतो, मी सैन्यात आहे, बदली झाली आहे, वस्तू न बघताच घेतो, पैसे पाठवतो, फक्त हा चौकोनी कोड स्कॅन करा. कोड स्कॅन करून पिन टाकला की पैसे येण्याऐवजी जातात. पैसे घेताना पिन कधीच टाकावा लागत नाही, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आणि कॉलेजच्या पोरांना सारखंच सांगून ठेवा. फसगत झालीच तर लगेच १९३० या क्रमांकावर फोन करा. घेणाऱ्यानंही वस्तू बघितल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नये. सौदा दिवसा, चार लोकांच्या वावराच्या जागी करावा. बसस्थानकाचं उपाहारगृह या कामाला उत्तम.

शेवटी एक विनंती. दिवाळीच्या आवराआवरीत माळा साफ होतो. भंगारवाला दारात काटा घेऊन उभा असतो आणि त्याच्या काट्याला प्लास्टिकचं वजन तेवढं कळतं. आपल्या घरात कुणी टायपिस्ट, हिशेबनीस, दस्तलेखक असेल किंवा होऊन गेला असेल, तर त्यांचा कीबोर्ड काट्यावर ठेवण्याआधी एक टोपी उचलून आत बघा. आत रबर असेल तर खुशाल द्या. दांडा आणि स्प्रिंग असेल तर गावातल्या एखाद्या डीटीपीवाल्याला, टायपिंगच्या क्लासला, स्पर्धा परीक्षेसाठी वेग वाढवणाऱ्या एखाद्या मुलीला विचारा. विकायचाच असेल तर त्याचं खरं नाव लिहून जाहिरात द्या आणि रास्त भाव घ्या. त्याच्या पाच कोटींपैकी अजून बरेच ठोके शिल्लक असतील.